टॉवरच्या ताणतारा आणि जळकोटचा आवाज

आमच्या सकाळच्या बैठकीत अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, "जळकोटवाल्यांचा सेट काही कधी नीट चालला नाही." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्यावर रागावताही येत नाही, कारण ही बातमी मीच पसरवली होती. ती खोटी आहे. सेट चांगला होता, अँटेना चांगला होता, माणूस तर फारच चांगला. बिघाड होता नांदेडला, माझ्या घरामागच्या टॉवरला बांधलेल्या तारांमध्ये. मला आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. हे लिहायचं राहून गेलं तर ती खोटी बातमीच माझ्यामागे उरेल.

बैठक म्हणतो ती हवेतली. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. मग आपला सेट, आपला अँटेना, मध्ये मोबाइल कंपनी नाही की कोणी नाही. नांदेड, लातूर आणि आजूबाजूचे आम्ही पंधरा-वीस जण रोज सकाळी सात वाजता रेडिओच्या पट्ट्यावर ठरलेल्या जागी जमतो आणि मी हजेरी घेतो. एकेकाला हाक मारायची, त्याचा आवाज कसा येतो ते सांगायचं आणि वहीत लिहायचं. स्पष्टपणाला पाचपैकी आकडा, जोराला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे माणूस समोरच्या खुर्चीत बसल्यासारखा. तीन-तीन म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या गिरणीतून कोणी बोलतंय असा.

मी वीज खात्यात इंजिनिअर होतो आणि जळकोटचा हा गृहस्थ माझ्या हाताखाली लाइनमन. किनवटच्या जंगलात वादळाने आडव्या झालेल्या लाइनी आम्ही दोघांनी कितीदा उभ्या केल्या, त्याची गणती नाही. तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला तू. निवृत्त झाल्यावर मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो घरी आला, माझा सेट चालू होता, आणि पत्रिका पिशवीतच ठेवून तो दोन तास ऐकत बसला. परीक्षा इंग्रजीत. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा साठाव्या वर्षी पास झाला. सेट विकत न घेता सुटे भाग आणून स्वतः बनवला, जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा, पाच वॅटचा. आम्ही बाकीचे सगळे शंभर वॅटवाले.

पहिल्या दिवशी तो हवेत आला आणि म्हणाला, "सगळ्यांना जय भीम." मी लगेच टोकलं, की रेडिओवर असलं काही बोलायचं नसतं, नियम आहे. त्याच सकाळी आमचे तीन जण राम राम म्हणून गेले होते आणि त्यांना मी काही बोललो नव्हतो. त्याने पुन्हा कधी तसं म्हटलं नाही. 'नमस्कार साहेब' म्हणायचा. हे टॉवरच्या गोष्टीत बसत नाही, पण दुरुस्ती करायलाच बसलोय तर तीही करून टाकतो.

तेव्हा माझा अँटेना म्हणजे गच्चीपासून कडुलिंबापर्यंत ताणलेली साधी तार होती. त्या तारेवर त्याचा पाच वॅटचा आवाज पाच-सात यायचा. पण मला टॉवर हवा होता. अँगलचा, साठ फुटी, लांबून दिसणारा. बायको म्हणाली, "घरात बोलायला माणूस पुरत नाही यांना, आता आकाशाला शिडी लावतायत." मी ऐकलं नाही. टॉवरला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यायचे ठरले, तसे विजेच्या खांबाला देतात. दोन ताण माझ्याच जागेत बसले, दक्षिणेकडचा शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गेला.

टॉवर चढवायच्या दिवशी तो सकाळच्या पहिल्या बसने आला. सामान उलथंपालथं करून बघितलं आणि विचारलं, "साहेब, अंडी किती आणलाव?"

अंडं म्हणजे चिनी मातीचं, अंड्याच्या आकाराचं, दोन आडवी भोकं असलेलं. ताणाची तार मध्ये तोडून ते घालतात. वीज त्याच्या पलीकडे जात नाही.

"तीन," मी म्हणालो. "तीन ताण, तीन अंडी."

"ते खांबाचं झालं. खांबाला एक अंडं माणसासाठी असतंय. वरून करंट उतरला तर खाली हात लावणाऱ्याला लागू नये म्हणून. हितं करंट कुठाय? हितं तारेचे तुकडे पाडायचेत."

"कशासाठी?"

"एवढी लांब तार अँटेनाच्या बाजूला उभी केली तर ती बी बोलायला लागंल. मी पुस्तकात वाचलो. एका ताणाला पाच अंडी पायजेत. चार मीटरच्या आत एकेक तुकडा."

म्हणजे आणखी बारा अंडी. दुकान उघडायला दहा वाजणार, आणि आठ वाजल्यापासून मजूर दारात उभे. पण खरं कारण ते नव्हतं. मी म्हणालो, "तीस वर्षं ताण मारले आपण. आता तू मला ताण शिकवणार?"

मजूर हसले. तो म्हणाला, "तीस वर्षं खांबालाच मारले, साहेब. रेडिओ दोघाला बी नवीन हाय."

"एक अंडं पुरेसं आहे. चढ."

तो चढला. माझ्या सांगण्याप्रमाणे एकेक अंडं, खालून माणसाच्या हाताच्या वर, खात्याच्या पद्धतीप्रमाणे. खातं जन्मभर असं अंगात भिनलेलं असतं, की ताण दिसला की हात आपोआप एकच अंडं मागतो. अंडं कशासाठी असतं, हे विचारायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. त्याने मात्र विचारलं. आणि मी त्याला गप्प केलं.

आता याचा अर्थ काय ते सांगतो, कारण आमच्या गटातही अर्ध्यांना अजून कळलेलं नाही. आमचा सकाळचा पट्टा चाळीस मीटरचा, म्हणजे त्यावरची एकेक लाट तेवढी लांब. तार निम्म्या लाटेएवढी भरली की ती बोलते, आणि चाळीसच्या निम्मे वीस. वीस मीटरच्या आसपासची अखंड धातूची तार अँटेनाजवळ असली की ती नुसती आधाराची तार राहत नाही. अँटेनाने फेकलेली ताकद ती ओढून घेते आणि तिला वाटेल तिकडे फेकते. येणाऱ्या आवाजाचंही तेच होतं. माझ्या प्रत्येक ताणात अंड्याच्या वरचा तुकडा बरोबर वीस मीटरचा होता. मुद्दाम मोजून करायचं म्हटलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. आणि माझा अँटेना टॉवरच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरत आलेला. त्याचा एक पाय आणि दक्षिणेचा ताण, दोघे शेजारी शेजारी खाली आलेले. टॉवर उभारताना कौतुकाने फोटो काढला होता, त्यात ते स्पष्ट दिसतं. एवढं दिसत असून मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जळकोटचा आवाज पडला. पाच-सातचा तीन-तीन झाला. शंभर वॅटवाले त्या खड्ड्यातूनही वर येत होते. पाच वॅटवाला बुडाला. टॉवर माझा नवा, पडला त्याचा आवाज, आणि मी त्याला म्हणतो, "तुझ्या सेटमध्ये काहीतरी झालंय, बघ."

त्याने बघितलं. आपल्या अँटेनाचा खांब उतरवला, जोड पुन्हा डाख देऊन पक्के केले, खांब चढवला. "आता कसा येऊन राहिलो, साहेब?" तीन-तीन. लातूरला जाऊन नवी केबल आणली. तीन-तीन. अँटेनाची तार बदलली. तीन-दोन. त्रेसष्टाव्या वर्षी हा माणूस माझ्या चुकीपायी तीनदा स्वतःचा खांब उतरवून पुन्हा उभा करत बसला. उदगीर आणि अहमदपूरवाले म्हणत होते, "आम्हाला तर ते छान ऐकू येतात हो." मी म्हणायचो, तुम्ही जवळ आहात, तुम्हाला येणारच.

माझ्याकडे अँटेनाचा ताल दाखवणारा मीटर होता. वारा सुटला की त्याचा काटा हलायचा, कारण वाऱ्याने ताण हलायचे आणि अँटेनाचा ताल बिघडायचा. तेही मी पाहत होतो. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरला दोष दिला, रस्त्यावरच्या नव्या दिव्यांना दिला, ताणांना लोंबकळणाऱ्या वानरांना दिला. बायको ताणाच्या खालच्या टोकाला धुणं वाळत घालायची. तिच्यावर ओरडलो, की तुझ्या ओल्या लुगड्यांमुळे माझा अँटेना बिघडतो. अंड्याच्या खालचा तो तुकडा, त्याचा वर काही संबंधच नव्हता. ती म्हणाली, "अख्ख्या जगाला दोष देऊन झाला. आता त्या तारांनाच विचारा काय ते." चिडून म्हणाली आणि बरोबर म्हणाली. मी धुणं उचलून तिच्या हातात दिलं.

आणि एक सकाळ अशी, की सगळे जमलेले असताना त्याचा आवाज पुन्हा बुडाला, तेव्हा मी म्हणालो, "लाइनमनच्या गाठी आहेत त्या. खांबाला चालतात, रेडिओला चालत नाहीत." सगळे हसले. तोही हसला. तीन-तीनमध्येसुद्धा ते हसू मला कळलं.

त्याच वर्षी आमच्या गटाने एक यादी करायला घेतली. पुरात मोबाइल बंद पडले तर कोणत्या तालुक्यातून कोण बोलेल, याची. जळकोटहून त्याचं नाव होतं. त्याने त्यासाठी जुनी बॅटरी आणून ठेवली होती, गावात चार लोकांना सांगितलं होतं, की तशी वेळ आलीच तर आपलं गाव माझ्या सेटवरून बोलेल. यादीवर शेरे मी लिहायचे होते. त्याच्या नावापुढे मी लिहिलं: जळकोट केंद्र नांदेडला भरवशाने ऐकू येत नाही. यादी बाहेर पडली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. जळकोट उदगीरवाल्यांकडे जोडलं होतं.

"गावात लई मजा चालू हाय," त्याने मला फोनवर सांगितलं. "मनून राहिलेत, तुझा रेडिओ तुलाच ऐकू येतोय, मग आरशात बघून बोल की."

"मनावर घेऊ नको," मी म्हणालो.

यादी गेल्यावर चौथ्या दिवशी शेजारचा प्लॉट विकला गेला. नवा मालक म्हणाला, "काका, तुमची ती वायर काढा, वाळूचा टिप्पर आत येईना." डिश बसवणाऱ्या एका पोराला वर चढवून दक्षिणेचा ताण सोडवला आणि तात्पुरता नायलॉनचा जाड दोर बांधला. नायलॉनमधून वीज वाहत नाही, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी जळकोटला हाक मारली आणि माझ्या खोलीत तो बोलला. पाच-नऊ. त्याच्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तेही ऐकू आलं.

"आज काय केलंस?" मी विचारलं.

"काही न्हाई, साहेब. हाय तेच हाय." मग थोडं थांबून, "का? कसा येऊन राहिलो?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. खिडकीतून दोर दिसत होता. पंधरा माणसं ऐकत होती. यादी जाऊन पाच दिवस झाले होते.

"बरा आहेस," मी म्हणालो. "चार-पाच." आणि वहीत चार-पाच लिहिलं.

याला चूक म्हणत नाही मी. अंड्यांची चूक होती. ही लबाडी होती. आठवड्याने पायासाठी खोदून झाल्यावर तार थोडी सरकवून परत बांधली, आणि जळकोट परत बुडालं. म्हणजे खातरजमाही झाली. तरी तोंड उघडलं नाही. त्याने आणखी आठ-दहा दिवस हजेरी दिली, मग बंद केली. महिन्याभराने मी बारा अंडी आणली, त्याच डिशवाल्याकडून घालून घेतली. गटाला सांगितलं टॉवरला रंग देतोय. रंगही दिला, नाहीतर खोटं ठरलं असतं. काय म्हणावं या माणसाला.

अंडी घातल्यावर सगळेच चांगले ऐकू येऊ लागले. लोक म्हणाले, काका, नांदेडची कमाल आहे. जळकोट तेवढं नव्हतं.

चार वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात त्या बाजूला दीड दिवस फोन लागत नव्हते. सुदैवाने कोणाचं काही झालं नाही, पण सकाळच्या हजेरीत एका नव्या सभासदाने विचारलं, जळकोटहून कोणीच नाही का आपल्याकडे? लगेच उत्तर आलं, "होते एक, पण त्यांचा सेट काही कधी नीट चालला नाही." माइक माझ्या हातात होता. मी पुढची हाक मारली.

आठवड्याने जळकोटला गेलो. त्याच्या अंगणात खांब आडवा पडलेला, त्यावर वालाचा वेल चढवलेला. तो दारात आला. "या साहेब. जय भीम."

"जय भीम," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बायकोने चहा ठेवला. चहा यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, दोरासकट, चार-पाचसकट, रंगासकट.

त्याने वेलाच्या चार शेंगा तोडून बाजूला ठेवल्या. मग विचारलं, "दक्षिणेच्याच ताणात घातलाव का तिन्हीत?"

"तिन्हीत."

"किती?"

"पाच-पाच."

"मी किती सांगितलो होतो?"

"पाच."

त्याने मान हलवली. चहा आला. कपबशी हातात धरून तो म्हणाला, "त्या दिवशी मी हासलो होतो. गाठीवरून. ध्यानात हाय?"

"आहे."

"लई जड गेलतं ते हासणं."

मी म्हणालो, उद्याच सकाळी सगळ्यांसमोर सांगतो. तो म्हणाला, "तोंडी नगं. बोललेलं हवेत जातंय. शेरा लिहून दिला होतात ना, मग हे बी लिहून द्या. आणि ती वही दुरुस्त करा. खाडाखोड न्हाई करायची, बाजूला लाल पेनानं."

मी विचारलं, "आणि मग खांब उभा करशील?" इतक्या वर्षांनी ते 'करशील' माझ्याच कानाला लागलं. पुन्हा म्हणालो, "कराल?"

"बघू," तो म्हणाला. "आधी तुमचा टॉवर बघतो."

वही दुरुस्त करायला चार दिवस लागले. चार-पाचच्या बाजूला पाच-नऊ लिहिलं. टॉवर उभारल्यापासूनच्या प्रत्येक तीन-तीनच्या बाजूला लिहिलं: दोष नांदेडच्या ताणतारांचा, जळकोटचा नाही. बोटं दुखली. यादीवरचा शेरा लेखी मागे घेतला. मग एका सकाळी बैठकीत दुरुस्तीचा कागद वाचून दाखवला. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो काका, जुनी गोष्ट, कोणाच्या लक्षात आहे." त्यावर मला इतका संताप आला, की मी सेटच बंद केला. महिन्याला एकदा ती त्यांच्या बरोबर लक्षात असते.

पुढच्या आठवड्यात तो नांदेडला आला. हातपाय धुतले आणि थेट मागे गेला. सोबत दुर्बीण आणली होती. तिन्ही ताण वरपासून खालपर्यंत बघितले, बोट उचलून अंडी मोजली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, सांगा आता, माझ्या लुगड्यांचा काही दोष?"

"काही न्हाई, वहिनी. लुगडी बिनचूक हायत." मग दुर्बीण माझ्या हातात देत म्हणाला, "दक्षिणेचा ताण. वरून दुसरं अंडं बघा."

मी बघितलं. मला काही दिसेना.

"दोन्ही तारांचे फासे एकमेकांत अडकून पायजेत, मधी अंडं दाबून. मग अंडं फुटलं तरी तार सुटत न्हाई. ह्यानं बाजूबाजूला बांधलाय. उद्या हे फुटलं की ताण तुटून शेजाऱ्याच्या गच्चीवर. कोण घातलं?"

"डिशवाल्याने."

"आणि तुम्ही कुठं होताव?"

"खालीच उभा होतो."

"हे खांबावर तुम्हीच शिकवला होताव मला," तो म्हणाला. "किनवटला. एक चुकलं तर दिवसभर सुनावला होताव."

जेवण झालं, पान झालं. निघताना म्हणाला, "ते अंडं दुरुस्त होऊस्तर माझा खांब उभा राहत न्हाई. न्हाईतर पुन्हा मनाल, जळकोटचं काय तरी बिघडलंय." यात हसण्यासारखं काही होतं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. "मला वर चढू द्या," मी म्हणालो, तर त्याने आणि बायकोने एकाच वेळी माझ्याकडे असं बघितलं की विषय संपला.

याला आज अकरा दिवस झाले. डिशवाला रोज फोनवर "येतो काका, उद्या नक्की" म्हणतो. काल म्हणाला, एका अंड्यासाठी एवढं काय. त्याला हे सगळं कुठून सांगायला लागू? खाली उभं राहून एकेक फासा मी स्वतः बघणार आहे, एवढंच त्याला सांगून ठेवलंय. तोपर्यंत सकाळी हजेरीत जळकोटची हाक मारतो, थोडा थांबतो, आणि वहीत त्या ओळीवर लिहितो: नांदेडचं काम बाकी.